ज्वारी दळून मिळेल का?

गेल्या वर्षीची गोष्ट. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी आईने पिशवीत दोन किलो ज्वारी घालून मला चक्कीवर पाठवले. आमच्याकडे गौरी येतात त्या दिवशी नैवेद्य भाजी-भाकरीचा असतो आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीबरोबर ज्वारीच्या पिठाची आंबील. पणजोबा खानदेशातून इंदूरला आले तेव्हा हा कुळाचार त्यांच्याबरोबर आला. घरातली भाषा अर्धी हिंदी झाली, पण आंबील काही बदलली नाही.

चक्कीवाल्याने पिशवीत हात घातला, दाणे तळहातावर घेऊन पाहिले आणि हसून म्हणाला, "भिया, ज्वार अब कौन पिसवाता है?" त्याचे म्हणणे असे, की दोन किलोसाठी पाट झाडायचे, ज्वारी दळायची, पुन्हा पाट झाडायचे, आणि तरीही पुढच्या गिऱ्हाइकाच्या गव्हात ज्वारी उतरली तर शिव्या त्याने खायच्या. त्याचेही चूक नव्हते. मी आणखी तीन चक्क्या फिरलो. शेवटी एका मोठ्या दुकानातून पाकिटातले पीठ घेऊन घरी आलो. पाकीट चकचकीत, त्यावर 'ऑरगॅनिक' लिहिलेले आणि किंमत चांगल्या गव्हाच्या आट्यापेक्षा कितीतरी जास्त. आईने किंमत वाचली आणि विचारले, "गरिबाचं धान्य इतकं महाग कधी झालं रे?"

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत उपयंत्री म्हणून लागलो; तलाव आणि कालव्यांच्या कामात वीस वर्षे गेली. पण देपालपूर, सांवेर, गौतमपुरा, महू या भागांत फिरताना शेते रोज डोळ्यांसमोर असतात आणि आईचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून जमेल तसे वाचले, म्हाताऱ्या माणसांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते आपल्या मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो.

आपण इंदूरकर मराठी माणसे आपल्या इतिहासाबद्दल बोलायला लागलो की मल्हारराव, अहिल्यादेवी, वाडे, घाट आणि देवळे इथपर्यंत येऊन थांबतो. त्या वाड्यांच्या स्वयंपाकघरात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाड्याबाहेरच्या चुलीवर काय शिजत होते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. अहिल्यादेवींचा कारभार १७६७ ते १७९५ असा महेश्वरहून चालला. महेश्वर हे निमाडात, नर्मदेच्या काठी. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला, म्हणजे वर माळव्याच्या पठारावर आली. घाटाखालचा निमाड आणि घाटावरचा माळवा या दोन्ही मुलखांत सामान्य माणसाचे रोजचे धान्य म्हणजे ज्वारी, तिच्या जोडीला मका. निमाडात आजही ज्वारीची रोटी आणि अमाडीची भाजी हे घरचे जेवण समजले जाते. अमाडी म्हणजे आपली अंबाडी. खानदेशातून सातपुडा ओलांडून आलेल्या आपल्या बायकांना निमाडातली चूल अनोळखी वाटली नसणार.

गहू माळव्यात नव्हता असे मुळीच नाही. इथला काठा गहू, ज्याला इकडे कठिया म्हणतात, जुन्या काळापासून नावाजलेला आहे. काळ्या मातीत पावसाळ्याची ओल धरून ठेवायची आणि हिवाळ्यात त्या ओलीवर, फार तर एखाद्या पाण्यावर, गहू काढायचा अशी पद्धत होती. त्यासाठी पुष्कळ जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत. पण हा गहू विकायचा, सारा भरायचा, पाहुण्याला वाढायचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत इथे साधारण हीच विभागणी होती. गोरगरिबांच्या ताटात ज्वारी-मका, सुखवस्तूंच्या ताटात गहू. माझी आजी सांगायची, की तिच्या लहानपणी आठवडाभर भाकरी असायची आणि पोळी दिसली की मुले विचारायची, "आज कोण आलंय?"

त्या काळच्या ज्वारीच्या शेतात नुसती ज्वारी नसे, हे शहरातल्या वाचकांना मुद्दाम सांगितले पाहिजे. ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, कडेला मूग, उडीद, कुठे अंबाडी. एकाच शेतातून भाकरी, डाळ आणि पालेभाजी घरी येई आणि उरलेली कडबी बैलाला. पाणी पावसाचे, खत गोठ्यातले, बियाणे कोठीतले. बाजारातून मीठ आणले की बहुतेक भागले. आज आपण ज्याला 'स्थानिक आणि सकस आहार' म्हणतो तो त्यांनी काही ठरवून घेतलेला नव्हता. दुसरे काही परवडतच नव्हते.

याचा अर्थ ते दिवस सुखाचे होते असा कोणी काढू नये. माळव्याच्या चांगल्या, विहिरीच्या पाण्याच्या आणि खतावलेल्या जमिनीत पावसाळ्यात मका आणि हिवाळ्यात अफू होत असे. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जायची. कंपनी सरकारने १८३० च्या सुमारास पासाची पद्धत लावून तिच्यावर जबर कर बसवला. मुंबईच्या कित्येक धनिक घराण्यांची आणि इंदूर-उज्जैनच्या सावकारांची तिजोरी त्यावर भरली. चीनला होणारा हा व्यापार १९१३ च्या सुमारास थांबला. म्हणजे पोटाच्या पिकाला बाजूला सारून दूरच्या बाजारासाठी पेरणे ही माळव्याला नवी गोष्ट नव्हे. पुढे सोयाबीन आले तेव्हा ते दुसऱ्यांदा झाले.

माळव्यात दुष्काळ पडत नाही अशी एक समजूत होती. मारवाडातली माणसे आपल्याकडे पाऊस गेला की जनावरे घेऊन इकडे येत. १८९९ साली पाऊस इथेही गेला. विक्रम संवत १९५६ म्हणून लोक त्याला 'छप्पन्या' म्हणतात. मध्य भारतातल्या संस्थानांची लोकसंख्या १९०१ च्या शिरगणतीत आधीच्या गणतीपेक्षा पुष्कळ कमी भरली. आमच्या घरात अजूनही ताटात अन्न टाकले की मोठी माणसे "छप्पन्या पाहिला नाहीस" असे म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकीही कोणी तो पाहिलेला नाही.

यानंतरचा भाग मला सगळ्यांत जास्त आवडतो आणि तो इंदूरकरांना सगळ्यांत कमी माहीत आहे. १९२४ साली इंदूरात 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था निघाली. होळकर दरबारने जमीन दिली, कापूस समितीने आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा दिला. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. हे गृहस्थ १९०५ पासून बिहारात पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. गव्हाच्या सुधारित जातींसाठी त्यांचे नाव झालेले. पण या देशात राहून त्यांचे मत हळूहळू बदलत गेले. आपण शेतकऱ्याला शिकवायला आलो आणि शेतकरी व पिकावरची कीड हेच आपले गुरू ठरले, अशा आशयाचे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

इंदूरात त्यांनी काय केले? शेतातला काडीकचरा, तण, कापसाच्या पळाट्या, गोठ्यातले शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर लावायचे, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी ढीग उलथायचा. साधारण तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार. ऐकायला साधे आहे. पण कोणत्या वस्तूचे किती प्रमाण, हवा किती, पाणी किती, उष्णता किती चढते याचा हिशेब त्यांनी वर्षानुवर्षे ठेवला. १९३१ साली या विषयावर पुस्तक निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावे आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे दुसरे नाव पाहून मला जो आनंद झाला तो सांगत नाही. जगभर हॉवर्ड यांना सेंद्रिय शेतीचा एक जनक मानतात. सिलोनच्या चहामळ्यांत आणि केनियातल्या कॉफीच्या बागांत ज्या पद्धतीने खत तयार होऊ लागले तिचे नाव 'इंदूर पद्धत' असेच होते आणि आहे. आपल्या वाड साहेबांची मात्र शहरात कोणाला आठवण नाही. स्वच्छतेत आपला नंबर पहिला आल्यावर आपण कचऱ्यापासून खत करण्याची फलके चौकाचौकांत लावली. त्यांतल्या एखाद्यावर तरी हे नाव यायला हरकत नव्हती.

१९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले होते, तेव्हा ते ही संस्था पाहून गेले. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९३४ मध्ये, वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहत होते. त्या वर्षी गांधीजींच्या लिखाणात राजकारणाइतकेच, किंबहुना जास्त, काय असेल तर हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे कोंड्यासकट पीठ, गूळ आणि कच्ची पालेभाजी. गिरणीत तांदूळ पांढरा शुभ्र करताना त्यातले सत्त्व कोंड्यात जाते आणि पैसा खेड्यातून शहरात जातो, हे त्यांचे दुहेरी गणित होते. स्वस्तात पोषण कसे मिळेल हा प्रश्न त्यांनी वैद्यांना विचारला, डॉक्टरांना विचारला, स्वतःवर प्रयोग केले. खेड्यातल्या मातीसाठी इंदूरचे खत आणि खेड्यातल्या माणसासाठी न सडलेले धान्य, या दोन गोष्टी त्या एकाच वर्षात किती जवळ आल्या होत्या! त्या तशाच पुढे गेल्या असत्या तर कदाचित मला चार चक्क्या फिराव्या लागल्या नसत्या.

तसे झाले नाही, आणि त्याला कारणेही तशीच होती. स्वातंत्र्यानंतर लोकसंख्या वाढली आणि धान्य पुरेना. १९५६ च्या करारानंतर पीएल-४८० खाली अमेरिकेचा गहू जहाजांनी येऊ लागला. १९६५-६६ च्या लागोपाठच्या अवर्षणात तर वर्षाला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. रेशनच्या दुकानात गहू मिळू लागला तशी शहरातल्या गिरणी कामगाराच्या घरातही रोज पोळी होऊ लागली. माझ्या आजोबांना याचा अभिमान वाटे. भाकरीवरून पोळीवर येणे म्हणजे दारिद्र्यातून बाहेर येणे, असे त्या पिढीला वाटले तर त्यांना हसू नये. त्याच रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आली. ती आपल्या लोकांनी नाक मुरडून खाल्ली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर सुकडी आणि घरी मिलो, अशी आठवण आमचे खानदेशातले नातेवाईक अजून सांगतात. ज्वारी म्हणजे दुष्काळाचे आणि लाचारीचे धान्य हा शिक्का त्या काळात अधिक गडद झाला. संकरित ज्वारीचे पहिले वाण, सीएसएच-१, १९६४ मध्येच आले होते. उतारा वाढला, पण खाणाऱ्याला गावरान ज्वारीच्या भाकरीची चव त्यात सापडेना. महाराष्ट्रात कित्येक खेड्यांत आजही 'हायब्रीड' म्हटले की ज्वारीच समजतात, आणि ते कौतुकाने नव्हे.

हरितक्रांती गव्हाची झाली. सरकारी खरेदी गव्हाची आणि भाताची झाली. १९७५-७६ साली सरकारने क्विंटलला गव्हासाठी १०५ रुपये ठरवले आणि ज्वारीसाठी ७४. शेतकरी अडाणी नसतो. हे दोन आकडे त्याला वाचता येत होते.

आणि मग सोयाबीन आले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात आणि पंतनगरला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने साठच्या दशकात त्याचे प्रयोग झाले आणि सत्तरीनंतर ते माळव्यात उतरले. आधी ते पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या जमिनीत आले. हे चांगलेच होते, कारण पूर्वी तिथे काहीच नव्हते. मग ते ज्वारीच्या, तुरीच्या, कापसाच्या शेतात शिरले. नव्वद-शंभर दिवसांत पीक निघते, दसरा-दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा हातात पडतो आणि शेत गव्हासाठी मोकळे होते. जुनी गावरान ज्वारी मात्र शेत लवकर सोडत नाही. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदूरातच झाले. पुढे मध्य प्रदेशात सोयाबीन पन्नास लाख हेक्टरच्या आसपास पोचले आणि आपल्या राज्याला 'सोया स्टेट' म्हणू लागले. त्यातले तेल आपल्या कढईत येते. तेल काढल्यावर उरणारी पेंड, ज्यात खरे प्रोटीन असते, ती मोठ्या प्रमाणावर कोंबड्या-जनावरांच्या खाद्याला आणि परदेशी जाते. माळव्याच्या मातीतले प्रोटीन माळव्यातल्या मुलाच्या ताटात येत नाही, पण त्यातली फॅट तेवढी येते, हा हिशेब मला तरी उमगत नाही.

गौतमपुऱ्याकडे एका म्हाताऱ्या पटेलांना मी विचारले, की तुम्ही ज्वारी का सोडली. ते म्हणाले, "साहेब, मी सोडली नाही, शेजाऱ्याने सोडली." पुढे त्यांनीच उलगडून सांगितले. गावात सगळे ज्वारी पेरत तेव्हा पाखरे सगळ्यांचे थोडे थोडे खात. एकेक जण सोयाबीनकडे गेला आणि शेवटी दोन बिघे ज्वारी यांचीच राहिली. मग साऱ्या शिवाराची पाखरे यांच्याच शेतावर. राखणीला माणूस ठेवणे परवडेना. घरात ट्रॅक्टर आला, बैल गेले, तशी कडबीचीही गरज संपली. गावची गिरणीही ज्वारी दळेनाशी झाली. एखादे पीक जाते तेव्हा त्याच्याबरोबर किती गोष्टी जातात, हे मला कुठल्या पुस्तकात इतके स्पष्ट सापडले नाही.

या कथेत माझ्या खात्याचा, म्हणजे माझाही, हात आहे. ज्वारीला आमच्या कालव्याची गरज नव्हती. नव्या बुटक्या गव्हाला चार-पाच पाणी लागतात. लोक-१, जो सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीने काढला आणि माळव्याने डोक्यावर घेतला, त्यालाही पाणी हवेच. तलाव झाले, कालवे झाले, आणि जिथे ते पोचले नाहीत तिथे नळकूप खोदले गेले. पाण्याची पातळी खाली खाली गेली. १९९० मध्ये शेजारच्या देवासला पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागले होते, हे पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल. मी बांधलेल्या पाटावर हिरवागार गहू उभा राहिला की मला आनंदच होतो, खोटे कशाला बोलू? पण तो गहू मोजताना त्याच्याखालचे पाणीही मोजायला हवे, हे नोकरीच्या पहिल्या पंधरा वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते.

आता पुन्हा आईच्या प्रश्नाकडे. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता आणि त्याच हंगामात पेरलेल्या गव्हाचा २४२५. पन्नास वर्षांत पारडे पूर्ण फिरले. पेरणारे थोडे, खरेदी थोडी, दळणारे त्याहून थोडे. आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून मागणी मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि मॉलच्या फळीवर आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असा दर लिहिला होता. २०२३ पासून ते धान्य फुकट झाले. कायद्याने ज्वारी सगळ्यांत स्वस्त केली, पण आमच्या भागातल्या रेशन दुकानात पोती गव्हाचीच उतरत राहिली. ज्याची आजी भाकरी खाऊन जगली त्याला आता फुकट गहू आणि ज्याची आजी पोळी खात होती त्याला महागडी भाकरी, अशी ही अदलाबदल आहे.

इथे ज्वारीच्या भक्तांना थोडे नाराज करतो. ज्वारी म्हणजे अमृत नव्हे. डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांच्या पोषणमूल्यांच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत प्रथिने १०.४ ग्रॅम दिली आहेत, गव्हाच्या आट्यात १२.१ आणि सडलेल्या तांदळात ६.८. म्हणजे कोंड्यासकट गव्हाची पोळी कमी दर्जाची मुळीच नाही. वाईट आहे तो मैदा. शिवाय त्याच गोपालन यांनी १९६० च्या सुमारास हैदराबादेत दाखवून दिले, की जवळजवळ नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरीब मजुरांना पेलाग्रा होतो. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडते, मानेभोवती पट्टा उमटतो, पोट बिघडते, पुढे बुद्धीवरही परिणाम होतो. ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी त्यांनी त्याचा संबंध जोडला. भाकरीबरोबर डाळ, ताक, पालेभाजी, शेंगदाणे असतील तर ही भीती राहत नाही. त्या मजुरांकडे तेच नव्हते. जुन्या शेतात ज्वारीबरोबर तूर, मूग आणि अंबाडी का असायची, याचे एक उत्तर मला इथे मिळाले. पेरणाऱ्याला ल्युसिन ठाऊक नव्हते, पण शेतात जे शेजारी होते तेच ताटातही शेजारी होते.

आपल्या पोह्यांबद्दलही एक गोष्ट सांगून टाकतो. इंदूरचे पोहे जगप्रसिद्ध, पण त्यांचा भात माळव्याच्या मातीतला नाही. खरे स्थानिक काय, तर पावसाळ्यातले भुट्टे आणि हिवाळ्यातला गराडू. भुट्ट्याचा कीस आपण दुधात शिजवून खातो. गराडू मात्र सराफ्यात तळलेलाच बरा लागतो असे आपण ठरवून टाकले आहे. घरी उकडून, वर लिंबू पिळून पाहा. ऋषिपंचमीला आपण बैलाच्या कष्टाचे काही न घेता अळू, सुरण, भोपळा, पडवळ, मक्याचे कणीस यांची भाजी करतो, ती वर्षातून एकदाच का करतो हेही मला कळत नाही. तिच्यात महाग असे काहीच नसते. पंचमीच्या आदल्या दिवशी भाजीवाले ती महाग करतात तेवढेच.

आमच्या घरी आता काय चालते ते सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबरात निमाडातल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून आम्ही तीन शेजारी मिळून एक क्विंटल ज्वारी आणतो. पाच माणसांच्या आमच्या घरात महिन्याला साधारण वीस किलो पीठ लागते, त्यातले सहा किलो ज्वारीचे. हमीभावाचा फरक धरला तर गव्हापेक्षा महिन्याला सत्तावन्न रुपये जास्त पडतात. बाजारात हा फरक दुप्पट झाला तरी सव्वाशेच्या आत. सहकुटुंब एकदा सराफ्यात गेलो तर याच्या कितीतरी पट जातात. उरलेला गहू आम्ही काठा घेतो आणि चाळणीचा कोंडा फेकत नाही. मेथी, शेपू, चंदनबटवा, हरभऱ्याचा कोवळा पाला ज्या त्या दिवसांत स्वस्त असतो तेव्हाच घेतो. अंबाडी निमाडातून येणाऱ्या बायकांकडे मिळते. माझ्या मुलीला पहिले तीन महिने भाकरी आवडली नाही. आता आवडते असे म्हणत नाही, पण पिठल्याबरोबर मागून घेते.

राहिली चक्की. पिठाच्या मिसळीचा त्याचा प्रश्न खराच होता, म्हणून मीच त्याला विचारले की किती ज्वारी आणली तर पाट झाडायला परवडेल. तो म्हणाला, वीस किलो, आणि तीही आठवड्यातून एका ठरल्या दिवशी. वीस किलो एका घरचे काम नव्हे. आमच्या गल्लीतली चार मराठी घरे, समोरचे निमाडी मास्तर आणि मधुमेह झालेले एक अगरवाल काका अशी सहा घरे जमली. आता दर सोमवारी सकाळी चक्की उघडते तेव्हा पहिला घाणा ज्वारीचा असतो. आधीच्या रात्रीच पाट स्वच्छ करून ठेवलेले असतात, त्यामुळे मिसळ होत नाही. त्याने बाहेर खडूने 'ज्वार – सोमवार' असे लिहिले आहे. यंदा गौरींच्या आधीच्या सोमवारी मी आईची पिशवी घेऊन गेलो, तर माझ्या पुढे नऊ पिशव्या होत्या आणि त्यांतल्या तीन मी ओळखत नव्हतो.